पटलं नाही

विल्नियसला डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो.
नेरिसच्या काठी, काचेच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर
माझं काम चेहरे पाहायचं.

उजवीकडे वळा. आता डावीकडे.
कार्ड जरा तिरकं धरा, त्यावरचं चित्र उजेडात हलू द्या.
पापण्या मिटा. उघडा. आभारी आहे.

पाळीला सत्तर चेहरे.
एकदा एकाचा जबडा बोलत होता
आणि कान मागून, धापा टाकत, जागेवर पोचत होता.
तो चेहरा कुणाचाच नव्हता. मी लाल बटण दाबलं, कॉफी घेतली.
एकीने मेलेल्या बहिणीचं कार्ड धरलं होतं.
चोर नव्हती ती.
बहिणीच्या नावाने कुठेतरी काहीतरी चालू राहावं, एवढंच.
तिलाही लाल.
त्या दिवशी कॉफी घेतली नाही.

आज रात्री, सव्वानऊ:
वाच्लोवास युर्गेला, वय अठ्ठ्याहत्तर, रोकिश्किसजवळचं कुठलंसं खेडं.
स्वयंपाकघर. मेणकापड घातलेलं टेबल.
भिंतीवर दोऱ्यात ओवलेल्या वाळक्या अळंब्या.
कार्ड खरं. चेहरा खरा. जन्मतारीख तोंडपाठ.
पडद्यावर हिरव्या खुणा भराभर उमटल्या,
खाली लिहून आलं : ओळख पटली.

फक्त डावीकडे वळा म्हटल्यावर
तो वळला आणि तिथेच राहिला,
बाईंनी मान हलवेपर्यंत बाकावर न बसणाऱ्या मुलासारखा.
बरणीच्या काचेत एक बाही होती. बाहीच्या टोकाला पेटलेला फोन.

कागदावरचा प्रश्न विचारला :
हे खातं तुम्ही स्वतःच्या मर्जीने...
'हो,' तो म्हणाला.
प्रश्न अजून संपायचा होता.

कागदावर नसलेला प्रश्न विचारायला
आम्हाला मनाई नाही, पण वेळही नाही.
विचारलं, अळंब्या कोणी वाळवल्या?

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.
म्हणाला, मीच.
यंदा कमीच आल्या. पूर्वी मी आणि ओना, दोन दोन टोपल्या...
मग त्याच आवाजात, त्याच दमात :
ही मुलगी बँकेतून आली आहे, फार गोड बोलते,
माझे पैसे धोक्यात आहेत म्हणे, नव्या खात्यात हलवले की—

पडदा काळा.
काळ्या पडद्यात मी.

खातं गोठवलं. पोलिसांना पत्ता दिला.
पलीकडचा म्हणाला, बर्फ पडतंय, पण पाठवतो कुणाला तरी.
मग नकाराचं कारण निवडायचं होतं :
चेहरा जुळत नाही. कागद बनावट. उजेड अपुरा.
यातलं काहीच नव्हतं.
चेहरा त्याचा, कागद त्याचा, आवाज त्याचा,
फक्त 'हो' तेवढं दुसऱ्या कुणाचं होतं.
'इतर'वर बोट ठेवलं. चौकटीत लिहिलं :
ओळख पटली. मला पटलं नाही.

तौत्विदास येऊन म्हणाला, अकरा मिनिटं गेली तुझी एकावर.
गेली, म्हटलं.

रोकिश्किसला पुढे काय झालं ते आम्हाला कळवत नाहीत.

पहाटे नव्या नंबरावरून बाबांना फोन लावला, अलिटुसला.
ते गाईगुरं नसतानाही पाचला उठतात.
बाबा, मी दाइवा.
'बरं. शब्द सांग.'
ईस्टरला जेवणाच्या टेबलावर मीच ठरवला होता शब्द,
कुणी माझ्या आवाजात पैसे मागितले तर म्हणून.
त्यांच्याकडून तीनदा घोकून घेतला होता.
आता मलाच आठवेना.
बाबा, खरंच मी आहे. गळा बसलाय, रात्रभर बोलत होते.
'सगळ्यांचाच बसलेला असतो. शब्द.'
कुत्र्याचं नाव सांगू? आईच्या कोटाचा रंग?
'शब्द,' बाबा म्हणाले,
चार श्वास थांबले,
आणि फोन ठेवून दिला.

पुलावर बर्फात उभी राहून
मी किती वेळ हसत होते.